हिस्लॉपच्या वहीतला लिंगो

नागपुरात हिस्लॉप म्हटलं की कॉलेज. सिव्हिल लाइन्स, टेम्पल रोड, ॲडमिशनची गर्दी, गेटसमोरचे चहावाले, विषय संपला. स्टीफन हिस्लॉप नावाचा हाडामांसाचा माणूस होता आणि तो आपल्याच बोरी-टाकळघाटकडे एका नाल्यात बुडून मेला हे तिथं तीन वर्षं घासून बाहेर पडलेल्या पोरांनाही ठाऊक नसते. आणि ज्या रोडवर कॉलेज आहे त्याचं नाव ज्या रिचर्ड टेम्पल साहेबावरून, तेव्हाच्या मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरवरून पडलं, त्यानंच हिस्लॉप गेल्यावर त्याचे कागद गोळा करून १८६६ मध्ये नागपुरातून छापले. म्हणजे लेखक कॉलेजच्या पाटीवर आणि त्याचा संपादक रोडच्या पाटीवर, दोघं रोज एकमेकांना भेटतात आणि आपण मधून ॲक्टिवा घालतो.

ते पुस्तक आता फुकटात पीडीएफमध्ये मिळते. मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींबद्दलचे कागद असं त्याचं साधं, सरकारी वाटणारं नाव. मी ते मोबाईलवर वाचत होतो, बोटानं झूम करून करून, कारण जुन्या छपाईचं स्कॅन म्हणजे डोळ्याची परीक्षाच असते. सुरुवातीला गोंड, कोरकू वगैरे लोकांबद्दलच्या नोंदी, शब्दांच्या याद्या, ठीक आहे म्हटलं. आणि मग मधेच गोंडांच्या देवाचं, लिंगोचं गाणं सुरू झालं. गोंडी भाषा, रोमन अक्षरात, ओळीमागून ओळ, आणि सोबत इंग्रजी अर्थ. कोण्या परधानाच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलेलं. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, वंशावळ्या आणि देवांच्या कथा ज्यांच्या गळ्यात राहायच्या ते. मी त्या दिवशी ऑफिसचं सगळं काम बाजूला टाकून तेच वाचत बसलो.

गाण्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो, पूर्ण सांगायला रात्र लागते. गोंड लोकांना महादेव एका गुहेत कोंडून टाकते, दारावर भला मोठा धोंडा. चौघं सुटून पळतात, काचीकोपा लोहगडाकडं जातात. लिंगो त्या चौघांना भेटते, त्यांना शेती शिकवते, तेच नंतर त्याला मारतात, तो पुन्हा जिवंत होते, आणि मग बाकीच्यांना सोडवायला निघते. महादेव अट घालते की बिंदो पक्ष्याची पिल्लं आणून दे. त्या पिल्लांना खाणाऱ्या भल्या मोठ्या नागाला लिंगो मारते आणि पक्षीण खूश होऊन त्याला पंखावर बसवून आणते. पुढं नदीचा पूर, एक मगर आणि एक कासव, मगर दगा देते, कासव पार करते. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला लाखो लोक ज्या गुहेच्या दर्शनाला चढून जातात ती हीच गुहा असं ते मानतात. मी एकदा गेलो आहे त्या यात्रेला. पिवळे झेंडे, पिवळे दुपट्टे, ढोल, आणि चढावर म्हाताऱ्या बायका माझ्या पुढं निघून गेल्या नं मी दम खात बसलो.

आता प्रश्न असा की स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावचा, फ्री चर्चचा पाद्री, १८४५ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी नागपुरात येते कशाला? तर धर्मप्रसाराला. हे लपवायची काही गरज नाही, त्यानंही लपवलं नव्हतं. इथं तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं, तिसरे रघुजी गादीवर, कामठीला इंग्रजांची छावणी. त्यानं शाळा काढली, प्रवचनं दिली, गावोगाव फिरला. धर्मांतराच्या हिशोबानं हाती फार आलं नाही. पण फिरता फिरता हा माणूस दगड उचलायला लागला. टाकळीकडचे, सिलेवाड्याचे, आणि आपल्या सीताबर्डीच्या टेकडीतले. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा थर सापडते, म्हणजे एक लाव्हा ओतल्यावर मधल्या काळात इथं तळं होतं, त्यात जीव होते, आणि मग पुन्हा वरून लाव्हा आला. हे त्यानं आणि त्याचा मिशनमधला जोडीदार रॉबर्ट हंटर यानं १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या जर्नलमध्ये लिहून काढलं. आपण २६ जानेवारीला किल्ला पाहायला लाइनीत उभे राहतो तेव्हा पायाखाली ते तळं आहे. इथल्या पाण्यातल्या एका बारीकशा जिवाला शास्त्रज्ञांनी हिस्लोपिया नाव दिलं, एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट. चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याहून डायनासोरची हाडंसुद्धा यानंच जमा केली होती.

हे सगळं सांगायचं कारण, त्याची नजर. जी नजर दगडाला लावली तीच त्यानं माणसाच्या बोलण्याला लावली. दगडात शिंपला दिसला तर तो बायबलशी जुळते की नाही हे नंतर, आधी तो कोणत्या थरात होता ते लिहा. गाणं ऐकलं तर ते चांगलं की वाईट, खरं की खोटं हे नंतर, आधी ओळ काय होती ते लिहा. लिंगो म्हणजे त्याच्या हिशोबानं सरळसरळ मूर्तिपूजकांचा देव, त्याला हाकलायलाच हा बाबा सात समुद्र ओलांडून आला होता. तरी त्यानं त्याच्या ओळी नीट उतरवून घेतल्या. बाप्पा, हे सोपं नाही. आपण आपल्याला न पटणारा व्हॉट्सॲप मेसेज शेवटपर्यंत वाचत नाही.

१८६३च्या सप्टेंबरात टेम्पलसोबत तो टाकळघाटला गेला. तिथं जमिनीत मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, फार जुन्या काळच्या लोकांची दफनं, ती उकरून पाहायची होती. परतताना संध्याकाळी हिस्लॉप मागं राहिला, एका गावातली शाळा तपासायची म्हणून. पावसाचे दिवस, नाल्याला पाणी चढलेलं. घोडा एकटाच परत आला तेव्हा टेम्पलनं माणसं धाडली. तारीख ४ सप्टेंबर. पुढं १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठानं त्याच टाकळघाट-खाप्याला शिस्तीत उत्खनन केलं आणि लोहयुगातल्या लोकांचा बराच माल हाती लागला. आज तिकडं बुटीबोरीची एमआयडीसी आहे, ट्रकच ट्रक, दगडांची वर्तुळं विचारली तर पानठेल्यावरचा माणूस आपल्यालाच विचारते, कोणत्या कंपनीत जायचं आहे.

त्याचे मिशनला पाठवलेले रिपोर्ट, ते कळकळीचे उतारे, किती आत्मे जवळ आले आणि किती दूर गेले, ते आज कोण वाचते? संशोधक सोडले तर कोणीच नाही. उरलं काय, तर दगडांची नोंद आणि दुसऱ्याचं गाणं. मला हा प्रकार फक्त नागपूरपुरता वाटत नाही. चर्चच्या माणसांनी जगभर इतिहास लिहिला, जपला, कधी घडवला, कधी जाळला, आणि बहुतेक जागी असंच दिसते की जे त्यांनी स्वतःची बाजू मांडायला लिहिलं ते वाळून गेलं आणि जे कान देऊन लिहिलं ते टिकलं.

मेक्सिकोचं घ्या. बर्नार्दिनो दे साहागुन, फ्रान्सिस्कन साधू, १५२९ मध्ये तिकडं पोचला, स्पॅनिशांनी ॲझ्टेक राज्य मोडून दहा वर्षंही झाली नव्हती. त्याचाही हेतू तोच, यांचा जुना धर्म ओळखता आला पाहिजे म्हणजे तो काढून टाकता येईल. पण त्यानं केलं काय, गावातली म्हातारी माणसं बसवली, प्रश्नांची यादी केली, आणि तिथल्याच नाहुआ लोकांच्या पोरांना, जी लॅटिन, स्पॅनिश आणि स्वतःची नाहुआत्ल अशा तिन्ही भाषा शिकली होती, उत्तरं त्यांच्याच भाषेत लिहायला लावली. बारा भाग झाले. देव, सण, औषधं, बाजारातले भामटे, पिसांचं काम करणारे कारागीर, सगळं. आणि बारावा भाग स्पॅनिश स्वारीचा, तोही हरलेल्यांच्या नजरेतून. स्पेनच्या राजाला हे पसंत पडलं नाही, १५७७ मध्ये फिलिप दुसऱ्यानं कागद जप्त करायचा हुकूम काढला. एक प्रत फ्लोरेन्सला पोचली म्हणून वाचली. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की साहागुननं आपल्या मदतनिसांची नावं लिहून ठेवली आहेत. आन्तोनिओ व्हालेरिआनो, मार्तिन हाकोबिता, आणखी आहेत. सोळाव्या शतकात. आमच्या एका प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये डेटा गोळा करणाऱ्या पोरांची नावं टाका म्हटलं तर फॉरमॅटमध्ये जागा नाही असं उत्तर आलं होतं.

आणि त्याच काळातला, त्याच पंथाचा दिएगो दे लांदा. यानं युकातानमध्ये मानी नावाच्या गावी १५६२ मध्ये माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. पुष्कळ पोथ्या जाळल्या आणि लोकांना फार दुःख झालं असं तोच लिहिते. आज माया लिपीतल्या अशा चार पोथ्या उरल्या आहेत जगात. चार. आणि गंमत म्हणा की सूड म्हणा, याच माणसानं नंतर मायांच्या चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची चिन्हं आणि त्यांचे उच्चार काढून ठेवले. तीनशे वर्षं तो धूळ खात पडला, १८६२ मध्ये माद्रिदमध्ये एका फ्रेंच पाद्र्याच्या हाती लागला, आणि १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन संशोधकानं त्यातल्याच खुणांवरून माया लिपी वाचायची वाट काढली. जाळणारा आणि किल्ली ठेवणारा एकच हात. लांदाला माफ करा असं मी म्हणत नाही, माफ करणारे आपण कोण. पण जो माणूस सरसकट म्हणते की पाद्र्यांनी सगळं वाचवलं, किंवा सरसकट म्हणते की पाद्र्यांनी सगळं जाळलं, त्याला मी लांदाचं नाव सांगतो आणि चहा मागवतो.

आपल्याकडं गोव्यात हेच झालं. एकीकडं १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्याला शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, देवळं पाडलेली, पोथ्या नष्ट केलेल्या. आणि त्याच गोव्यात १५७९ मध्ये इंग्लंडहून थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट पंथाचा पाद्री येते, आणि १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण छापते, अकरा हजाराच्या जवळपास ओव्या, मराठीत, पण रोमन अक्षरात. छापून तीनदा निघालं आणि त्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. वाचलं ते हातानं उतरवलेल्या प्रतींमुळं, ख्रिस्ती घरांमधून लोक वाचत राहिले, गात राहिले म्हणून. वर मी जो नियम सांगितला त्याला स्टीफन्स अपवाद वाटते, कारण हे तर सरळसरळ प्रचाराचं पुस्तक. पण नीट पाहिलं तर नाही. त्यानं सांगितली स्वतःची गोष्ट, पण ती सांगायची रीत उचलली ज्ञानेश्वर-एकनाथांची. आधी भरपूर ऐकलं असल्याशिवाय ओवी अशी वळत नाही.

बंगालात श्रीरामपूरला बसून विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश काढला, आणि त्याच छापखान्यातून मोडी टायपात आपल्या रघुजी भोसल्यांची वंशावळी निघाली. पुण्या-मुंबईच्या आधी नागपूरच्या राजघराण्याचा इतिहास छापला गेला तो बंगालात, मिशनऱ्यांच्या प्रेसमध्ये! पुणेकर मित्रांना हे मी मुद्दाम सांगतो. पण या कामामागं मराठी पंडित वैजनाथ शर्मा होते, कॅरी एकट्यानं काय मोडी लिहिणार होता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशामागंही शब्द गोळा करणारे ब्राह्मण शास्त्री होते. पाटीवर एक नाव, आत दहा माणसं, हे सगळीकडंच.

हे बोललं की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात, कारण तिथं पहिल्यांदा मधला माणूसच नाही. नारायण वामन टिळक नागपूरला होते, आप्पासाहेब बुटींच्या पदरी, ग्रंथसंपादनाच्या कामावर. पुढं राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा मिशनरी भेटला आणि त्यानं नवा करार हातात दिला. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्यातला एवढा मोठा वळसा आपल्या या हावडा लाइनवर घडला. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, घर मोडलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर आपल्या बुद्धीनं त्याही ख्रिस्ती झाल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं स्मृतिचित्रे लिहिलं. त्यात वडिलांचं सोवळ्याचं वेड आहे, घरात आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं, आणि हे ती अशी सांगते की हसू येते नं पोटात गोळाही येते. धर्म बदलल्यावर लोक साधारण जुन्या घराला शिव्या घालतात नाहीतर नव्या घराची जाहिरात करतात. ही बाई दोन्ही करत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरात काय शिजत होतं, कोण कोणाला शिवत होतं, नवरा न सांगता निघून गेला की बाईचं काय होत होतं, हे मला कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा तिथं जास्त समजलं. माझ्या हिशोबानं ती इतिहासकारच. एमएच्या सिलॅबसमध्ये तिला आत्मचरित्राच्या खात्यात टाकतात, टाकोत.

तर, पुन्हा ते लिंगोचं गाणं. आमच्या ऑफिसमध्ये एक सीनियर आहेत, यवतमाळकडचे, परधान समाजातले, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांचे आजोबा किंगरी घेऊन गावोगाव गात फिरायचे, दादांच्या वडिलांनी ते सोडलं, नोकरी धरली. मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत पीडीएफ दाखवली. मला वाटलं खूश होतील. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत रोमन अक्षरातली गोंडी वाचायला लागले, एक ओळ, दोन ओळी, थांबले, परत वाचली. डबा तसाच उघडा. मग म्हणाले, "हे आमचंच आहे बे. पण महादेव कुठून घुसला इथं? आम्ही शंभूशेक म्हणतो. आणि हिरासुका कुठं आहे? किंगरी वाजवणारा? आमच्यात तर धोंडा सरकवते तोच, आणि त्याच्यातच मरते. तो कोणत्या पानावर आहे दाखव."

मी म्हटलं, दादा, गाणाऱ्यानंच तसं गायलं असेल, दीडशे वर्षांपूर्वी, नागपूरकडं तसं गात असतील. ते म्हणाले, "असन. नाहीतर त्या बाबाले तेवढंच समजलं असन. नाहीतर त्या परधानानं ओळखलं असन की साहेबाले कोणतं नाव सांगितलं तर समजते." ही तिसरी शक्यता माझ्या डोक्यातही आली नव्हती. नागपूरचेच मोतीरावण कंगाली, रिझर्व्ह बँकेत नोकरी करून आयुष्यभर गोंडी भाषा आणि कोया पुनेम म्हणजे गोंडांच्या धर्मावर लिहीत राहिले, २०१५ मध्ये गेले, त्यांचा सगळा खटाटोपच हा होता की लिंगोची गोष्ट गोंडांनी स्वतःच्या तोंडानं सांगावी. त्यांची सिंधू लिपी गोंडीत वाचायची थिअरी मला काही पटली नाही, पण गोष्ट कोणी सांगायची हा त्यांचा मुद्दा दादांच्या त्या तीन वाक्यांत जसाच्या तसा होता.

मग दादांनी कव्हरचं पान पाहायला मागितलं. त्यावर हिस्लॉप आणि टेम्पल, दोन नावं. त्यांनी बोटानं पान सरकवलं, मागं-पुढं केलं, नंतर म्हणाले, "गाणारा?" मी गप्प बसलो. तेव्हा मला साहागुन आठवला आणि मी त्यांना तो किस्सा सांगितला, नाहुआ पोरांच्या नावांचा. दादांना तो पाद्री आवडला. हिस्लॉपवर मात्र त्यांनी राग धरला नाही, उलट म्हणाले की लिहिलं नसतं तर आज भांडायला काय होतं आपल्यापाशी, आणि डबा संपवला.

आता त्यांचे एक काका आहेत गावी, ऐंशीच्या पुढचे, त्यांना अजून बरंच येते. दादा दर महिन्याला गावी जातात नं मोबाईलवर त्यांचं रेकॉर्डिंग करतात. मला दोन फाइल पाठवल्या. पहिल्या फाइलमध्ये सुरुवातीला दादांचाच आवाज आहे, काकांना सांगताहेत की आधी नाव सांगा, बापाचं नाव सांगा, गाव सांगा, तालुका सांगा, मग गा. काका वैतागतात, म्हणतात अरे नाव तुले माहीत नाही काय, दादा म्हणतात मले आहे, याले नाही. मग नाव, गाव, तालुका सगळं येते, एकदा खोकला, आणि किंगरी सुरू. दुसऱ्या फाइलमध्ये मागं कोणाचा तरी टीव्ही मोठ्यानं चालू आहे, त्यामुळं पाच-सहा ओळी समजत नाहीत, त्या पुढच्या वेळी परत घ्यायच्या आहेत.